पद्मिनीची शाळा

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला वणीसारख्या गावात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "हिचे पार्ट मिळतात का आता?" आणि तिसरा, जरा जवळ येऊन, आवाज खाली आणून, "विकायची आहे का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी खरे देतो. दुसऱ्याचे उत्तर लांबत जाते. तिसरा प्रश्न आला की सौभाग्यवती आसपास नाही ना, हे आधी बघून घेतो, कारण तिने तो ऐकला तर व्यवहार तिथल्या तिथे पक्का व्हायचा! मात्र या गाडीने तुम्हाला शिकवले काय, हा प्रश्न आजवर कोणीच विचारलेला नाही. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे हा आम्हा शिक्षकांचा जुना धंदा आहे. म्हणून आज त्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

माझ्या दारात १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती माझ्याकडे आली १९९८ मध्ये, म्हणजे तिच्या वयाच्या विसाव्या वर्षी. बहुतेक गाड्या या वयात भंगारात जातात. ही माझ्याकडे आली आणि इतकी वर्षे मुलांना शिकवणारा मी पुन्हा विद्यार्थी झालो. या शाळेची फी भारी, सुट्टी नाही आणि परीक्षा कधी होईल याचे वेळापत्रक लागत नाही.

नव्या पिढीसाठी बाईंची ओळख करून द्यायला हवी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. आरंभी तिथे डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जुळवल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' बाजारात आली. तीच गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. हे नाव चितोडच्या राणीचे. पण लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीच, त्यामुळे पुढे सलग बाक. त्यावर दोघांनी बसायचे असते. आमच्याकडे चौघे बसत आणि गिअर टाकताना चौथ्याला "जरा गुडघा घ्या" असे सांगावे लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने एका शहराला दोन-तीन पिढ्या वाहून नेले. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा माणसासारखा तिला निरोप दिला गेला.

या शाळेतला पहिला धडा खरेदीचा. आमच्या वणीला रंगनाथस्वामींच्या यात्रेत बैलबाजार भरतो. तिथे जाणता शेतकरी बैलाच्या शिंगांना लावलेला रंग आणि गळ्यातल्या घुंगरमाळा बघत नाही. तो जबडा उघडून दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. जुनी गाडी घेताना हेच करायचे. रंग चकाकतो तितका संशय अधिक घ्यावा. पत्र्याला गंजाने भोक पडले की पेंटर त्यात पुटीन भरतो, गॅरेजच्या भाषेत 'लांबी' मारतो, आणि वरून रंग देतो. दिसायला सगळे छान. यावर उपाय म्हणजे खिशात फडक्यात गुंडाळलेले एक छोटे लोहचुंबक ठेवायचे आणि गाडीवरून हळूच फिरवायचे. पत्रा असेल तिथे ते चिकटते, नुसती लांबी असेल तिथून घसरून पडते. दाराखालची पट्टी, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा, डिकीतली स्टेपनीची जागा आणि बॅटरीखालची ताटली ही गंजाची आवडती ठिकाणे. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, बदलताही येते. पण पद्मिनीसारख्या गाडीत सांगाड्याचे आणि अंगाचे काम एकच पत्रा करतो, त्यामुळे तो कुजला की गाडीची हाडेच गेली. माझे पहिले चुंबक मुलाच्या कंपासपेटीतले होते. ते अजून त्याला परत मिळालेले नाही.

दुसरा धडा उन्हाळ्याचा, आणि तो वणीत राहिल्याशिवाय कळत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे सरकतो. अशाच एका मे महिन्यात आम्ही वरोऱ्याला लग्नाला निघालो. मुहूर्त दुपारचा. गाडीत सौभाग्यवती, तिची बहीण, मुले आणि माझे मेव्हणे, खांद्यावर आहेरातला नवा कोरा दुपट्टा. पाटाळ्याच्या पुलाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती शांतपणे उभी राहिली. टाकीत पेट्रोल, बॅटरी ठणठणीत, सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण सुरू होत नाही.

आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीभोवती माणसे कुठून गोळा होतात हे एक कोडे आहे. ओसाड रस्त्यावर पाच मिनिटांत सात जण जमले आणि सात जणांची नऊ मते पडली. एक म्हणाला, "प्लग साफ करा जी." दुसरा म्हणाला, "कॉइल गेली, मी सांगतो तुम्हाले." तिसऱ्याला पेट्रोलमध्ये रॉकेलचा वास आला. धक्का मारायला मात्र तिघेच तयार होते. एका म्हाताऱ्या बाबांनी सरळ विचारले, "नारळ कदी फोडला होता?"

त्या दिवशी काय झाले होते, ते समजून घेण्यासारखे आहे. टाकी गाडीच्या मागे आणि पेट्रोल ओढणारा पंप पुढे, थेट इंजिनाला चिकटलेला. पेट्रोल हे एक द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातला हलका भाग ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो. शिवाय पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबात कोणताही द्रव अधिक लवकर उकळतो. बाहेर ४५ अंश, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर. नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा त्या वाफेलाच दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे सरकतच नाही. आपण सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला तर तो आतल्या आत उसळतो, तसे. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. आजच्या गाड्यांत विजेचा पंप टाकीतच बसवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, दाबाने पुढे ढकलतो, म्हणून नव्या गाड्यांना हे दुखणे सहसा होत नाही.

आणि उपाय? ओले फडके. आमच्या मिस्त्रींनी मला ते आधीच सांगून ठेवले होते. गाडीत पाण्याची कॅन होती, फडके मात्र नव्हते. सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी मेव्हण्यांच्या दुपट्ट्याकडे वळल्या. दुपट्टा भिजवून पंपावर गुंडाळला, वीस मिनिटे बाभळीच्या सावलीत काढली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. यामागचे शास्त्र माठाचेच आहे. कोरड्या हवेत पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. आमच्या विदर्भाची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की माठ, कूलर आणि पद्मिनी या तिघांनाही हा उपाय मानवतो. मेव्हणे ग्रीसचे डाग पडलेला ओला दुपट्टा खांद्यावर टाकून मांडवात शिरले. भर उन्हात गारवा मिळालेले ते एकटेच वऱ्हाडी होते.

या पंपाला गॅरेजवाले 'एसी पंप' म्हणतात. त्याचा थंड हवेशी काही संबंध नाही. पण "गाडीला एसी आहे का?" असे कोणी विचारले की मी प्रामाणिकपणे सांगतो, "आहे, पंपाला आहे." जाता जाता दोन सूचना. हे करताना इंजिन बंद असावे आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट पेटवू नये. आणि उकळलेल्या रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडू नये. तो कुकर आहे. शिटी न काढता कुकर उघडणाऱ्याची जी गत होते, तीच इथे होते.

तिसरा धडा निदानाचा. हा मला आमच्या मिस्त्रींनी दिला. ते आता सत्तरीला आले आहेत. शिक्षण चौथीपर्यंत, पण त्यांच्याकडून मी जे तर्कशास्त्र शिकलो ते बी.एड.ला कोणी शिकवले नव्हते. पेट्रोलचे इंजिन सुरू होत नसेल तर ते विचारतात, "ठिनगी नाई का पेट्रोल नाई?" बस, दोनच शक्यता. प्लग काढायचा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाला टेकवायचा आणि सेल्फ मारायला सांगायचे. ठिणगी निळी आणि कडक दिसली तर अर्धे इंजिन निर्दोष सुटले. मग फक्त पेट्रोलच्या वाटेने शोधायचे. ठिणगी नसेल तर उलट. प्रत्येक पायरीवर अर्धे संशयित सुटत जातात. पोलीस तपासही बहुधा असाच व्हायला हवा.

ही ठिणगी कशी तयार होते तेही मजेदार आहे. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर असतो, मिस्त्रींच्या भाषेत 'डेल्को'. त्यात दोन इवलेसे धातूचे ठिपके असतात, त्यांना 'सीबी पॉइंट' म्हणतात. ते जुळतात तेव्हा कॉइलमधून वीज वाहते. ते उघडतात त्या क्षणी वीज तुटते आणि त्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून एवढा दाब निघतो, केवळ तुटण्यातून! इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. म्हणजे ते पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. उघडल्यावर त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी लागते. पुस्तकात ती मोजायला पात्यांचे गेज सांगितले आहे. मिस्त्री आगपेटीचा पुठ्ठा वापरतात. मी एकदा गेजने तपासून पाहिले. पुठ्ठा बरोबर होता.

याच धड्याचे दुसरे कलम अधिक महत्त्वाचे. मिस्त्री म्हणतात, "गुरुजी, एका टायमाले एकच चीज बदला. दोन बदलल्या अन् गाडी चालू झाली, तं कोन्ती बिघडली होती थे कसं समजनार?" हे वाक्य मी पुढे वर्गात विज्ञानाच्या प्रयोगासाठी वापरले, मुलांच्या अभ्यासासाठी वापरले आणि घरात तब्येतीच्या तक्रारींसाठीही वापरले. डोके दुखते म्हणून चहा बंद, भात बंद, जागरण बंद असे एकदम केले तर दोष कोणाचा होता ते कळत नाही आणि चहा बिचारा उगाच बदनाम होतो.

चौथा धडा धुळीचा. वणीची हवा काही थंड हवेच्या ठिकाणाची नाही. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या, घुग्घुसच्या रस्त्याने रात्रंदिवस कोळशाचे ट्रक. पावसाळ्यात काळी कपाशीची माती चाकाला अशी धरते की घरी येताना निम्मे शेत सोबत येते. इंजिनाला पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल जाळायला साधारण १५ ग्रॅम हवा. एवढी हवा ओढताना धूळही आत आली तर ती तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर पॉलिश पेपरसारखे घासते. म्हणून पुस्तकात एअर फिल्टरची जी मुदत दिली असेल तिच्या निम्म्यात इथे तो बघावा. स्टिअरिंगच्या आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस द्यायला छोट्या निपल असतात. नव्या ग्रीसने जुने, काळे ग्रीस बाहेर ढकलून निघेपर्यंत पंप मारायचा. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती मातीने बुजतात, पाणी आत साचते आणि दार आतून कुजते. एका जुन्या छत्रीची काडी या कामासाठी राखून ठेवावी. सगळा मिळून महिन्यातून एक तास जातो. हा तास न दिलेल्या गाडीने पुढे तीन दिवस गॅरेजमध्ये घेतलेले मी पाहिले आहेत.

पाचवा धडा संसाराचा. जुनी गाडी एकट्या माणसाची नसते, ती घराची असते, घराला हवी असो वा नसो. आमच्या घरात लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत नट-बोल्ट आहेत आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी आहे, कारण एकदा 'मोहरी' समजून वॉशरची बरणी फोडणीपर्यंत पोचली होती. कार्बोरेटर उघडायचा तर स्टीलचे ताट लागते. बारीक जेट आणि स्प्रिंगा त्यात ठेवल्या की पडल्यावर आवाज येतो, हरवत नाहीत. ते ताट कोणते घ्यायचे याचा करार आमच्यात १९९९ साली झाला आणि दोन्ही पक्ष तो आजवर पाळतात. घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज यांच्या शेजारी 'पद्मिनी' असा एक रकाना आहे. एकदा पाहुण्याबाईंनी ती वही बघितली आणि सौभाग्यवतीला हळूच विचारले, "हे किती वर्षांपासून चाललंय?" ती म्हणाली, "माझ्या समोरच चाललंय, मी काय करू!"

सुट्या भागांचा शोध हाही संसारातलाच भाग. नागपूरला काही मिळते, बाकीच्यासाठी मुंबईत कुर्ल्याच्या भंगारपेठेपर्यंत निरोप जातो. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या, तिथेच त्यांचे अवयवदानही चालते. कुर्ल्यात आज त्या कारखान्याची आठवण म्हणून प्रीमियर रोड हे नाव राहिले आहे. भाग मागवताना जुना भाग सोबत पाठवावा, निदान त्याचा फोटो तरी. "फियाटचा तो गोल असतो ना, तो" एवढ्या वर्णनावर दुकानदार चौदा गोल वस्तू दाखवू शकतो.

सहावा धडा मर्यादा ओळखण्याचा. जुन्या गाडीवर प्रेम करावे, पण तिच्याविषयी खोटे बोलू नये. माझ्या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नव्या गाडीइतक्या थोडक्या अंतरात ती थांबत नाही. म्हणून कोळशाच्या ट्रकमागे जाताना मी एक नियम केला आहे. मागचा नंबर वाचता आला तर चालेल, पण खाली बारीक अक्षरात लिहिलेला शेर वाचता येऊ लागला की आपण फार जवळ आलो. एअरबॅग नाही. धूर स्वच्छ करणारे यंत्र नाही, त्यामुळे नव्या गाडीपेक्षा ती हवा अधिक घाण करते. म्हणूनच मी ती रोजच्या कामाला काढत नाही. पण नुसती उभीही ठेवत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकचे रबर चिकटते, टायर एकाच जागी चपटे होतात. दर रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवणे हे तिचे औषध आहे. साठी उलटलेल्या माणसांनाही डॉक्टर वेगळे काय सांगतात?

कागदपत्रांचीही एक शाळा आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. त्याची फी २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १० हजार करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. त्यात 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. आमच्या बाईंना पन्नाशीला अजून थोडा अवकाश आहे. तोवर एमएच २९ वाल्या इतर गाड्यांच्या रांगेत उभे राहायचे. रांगेत तरुण मुले तिच्यासोबत फोटो काढतात, म्हणून वेळ बरा जातो.

सगळ्यात नवा धडा पेट्रोलचा. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. उसाच्या आणि धान्याच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, परकीय चलन वाचते, हे मान्यच. पण १९७८ च्या गाडीतले रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेले. इथेनॉलने जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग फुगतात किंवा मऊ पडतात. इथेनॉल हवेतले पाणीही शोषते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचू शकते आणि टाकी गंजते. लिटरमागे शक्ती थोडी कमी मिळते ते वेगळेच. जुन्या गाडीवाल्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पेट्रोलच्या नळ्या आणि पडदे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावून तो वरचेवर बघावा. आणि गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर "जुनी गाडी आहे, येणारच" असे म्हणून सोडून देऊ नये. तो वास म्हणजे आगीची सूचना आहे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा. गाडीचे भाग मिळतात, उशिरा का होईना मिळतात. मिळत नाही तो मिस्त्री. आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली एके काळी चार पोरे होती. आता एकही नाही. त्यांचा मुलगा शेजारच्याच गाळ्यात नव्या गाड्या दुरुस्त करतो. तो गाडीला तार जोडतो, स्कॅनर बिघाडाचा आकडा दाखवतो, तो भाग बदलतो. काम झटपट आणि चांगले होते, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. नव्या गाडीचे मन संगणकात असते, ते त्याच भाषेत वाचावे लागते.

पण एकदा त्याच्याकडे एक नवी गाडी आली. इंजिनातून बारीक किरकिर येत होती आणि स्कॅनर म्हणत होता, सगळे ठीक आहे. पोराने दोन तास घालवले. मग म्हातारे मिस्त्री उठले. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ कानाला लावली आणि टोक चालत्या इंजिनाच्या एकेका भागावर ठेवत गेले, डॉक्टर छातीवर नळी फिरवतात तसे. अल्टरनेटरवर टोक ठेवल्यावर थांबले. म्हणाले, "हे बेरिंग आहे. गाडी तं बोलूनच रायली व्हती." बेअरिंग बदलले, किरकिर गेली. त्या दिवशी पोराने स्क्रू-ड्रायव्हर कानाला कसा लावायचा ते विचारून घेतले. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात, बाही, गमछा दूर ठेवायचा, हेही मिस्त्रींनी त्याला दोनदा बजावले.

ते पाहिल्यापासून मी एक काम सुरू केले आहे. दोनशे पानी वही घेतली आहे आणि रविवारी मिस्त्रींकडे बसून ते सांगतील ते लिहून घेतो. गाडीच्या आवाजांचा शब्दकोश म्हणा. वेगाबरोबर वाढणारी वरून येणारी 'टिक टिक' म्हणजे टॅपेट सैल. चढावर, ओझ्याखाली येणारी 'टण टण' म्हणजे टायमिंग पुढे गेले. खालून येणारी जड 'धडधड' म्हणजे बेअरिंग, गाडी तिथेच उभी करा, घरी जाईपर्यंतही चालवू नका. वळणावर 'कर्र' म्हणजे चाकाचे बेअरिंग किंवा कोरडा सांधा. ब्रेक दाबल्यावर 'किर्र' म्हणजे लायनर संपत आले. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात अशा किती नोंदी असाव्यात? आतापर्यंत १३० झाल्या आहेत आणि मिस्त्री म्हणतात, "अजून तं सुरुवात बी नाई झाली, गुरुजी." सध्या आम्ही सायलेन्सरच्या आवाजांपाशी आहोत. धुराचे रंग त्यानंतर यायचे आहेत. काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा, निळा तेल जळत असल्याचा, पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जात असल्याचा, एवढी प्रस्तावना झाली आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या पडवीत, गोठ्यात, ताडपत्रीखाली एखादी जुनी फियाट, ॲम्बेसिडर, जीप किंवा नुसती जुनी राजदूत, लँब्रेटा पडून असेल. ती भंगारात द्यायची की ठेवायची हा ज्याच्या त्याच्या सोयीचा आणि खिशाचा प्रश्न आहे. मी कोणालाही ठेवा असे म्हणणार नाही. सौभाग्यवती हे वाचणार आहे! पण निर्णय घेण्याआधी एक करा. ज्या मिस्त्रीच्या हाताने ती गाडी वर्षानुवर्षे चालली त्याला चहाला बोलवा, ताडपत्री काढा आणि त्याला तिच्याविषयी बोलू द्या. घरातल्या मुलांना शेजारी बसवा. आणि हाताशी एक वही असू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)